पांढरं पाणी कसं वाचायचं: झंस्कारची दरी ते पंचगंगेचा बंधारा

जुलै उजाडला की कोल्हापुरात कुणालाही विचारा, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे ते सांगेल. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. मग 'मच्छिंद्री झाली का?', म्हणजे पाणी शिवाजी पुलाच्या कमानीपर्यंत चढलं का. नदीचे आकडे इतके तोंडपाठ असलेलं दुसरं शहर मला माहीत नाही. पण पाणी किती आहे हे कळलं तरी ते वाहतंय कसं, हे त्या आकड्यांतून कळत नाही. ते ज्यांना क्षणोक्षणी ओळखावं लागतं, ती माणसं म्हणजे राफ्टिंगचे, खवळलेल्या नदीतून रबरी होडी नेणारे गाईड. त्यांची विद्या आपल्याकडे यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

लडाखमधली झंस्कार नदी पदुमजवळ दोन प्रवाह मिळून बनते आणि झंस्कारची पर्वतरांग कापत निमूला सिंधूला मिळते. उन्हाळ्यात तिथे रबरी राफ्टमधून अनेक दिवसांचा प्रवास करतात. दिवसा पाण्यावर, रात्री काठावर तंबूत. पाणी वितळलेल्या बर्फाचं असल्यामुळे ते उन्हाबरोबर वाढतं, पण वरचा लोंढा खाली पोचेपर्यंत रात्र होते. म्हणून तंबू पाण्यापासून उंचावर ठोकायचे, हा तिथला पहिला नियम.

अशा दरीतली नदी सगळीकडे खवळलेली नसते. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीची निम्मी उतरण तिच्या लांबीच्या जेमतेम दहाव्या हिस्स्यात होते. बाकी नदी बरीचशी संथ. पाणी जिथे उसळत उतरतं ते खळाळ, म्हणजे रॅपिड, तयार करतात बाजूचे ओढे. ढगफुटी झाली की ओढा दगडधोंड्यांचा गाळ मुख्य नदीत आणून टाकतो, पात्र अरुंद होतं, वर पाणी तुंबतं आणि त्या चिंचोळ्या वाटेतून जोरात सुटतं. कोलोरॅडोवरचा क्रिस्टल रॅपिड डिसेंबर १९६६ च्या एका वादळात असाच उग्र झाला. झंस्कारच्या खोऱ्यात तर फुक्तलजवळ दरड कोसळून नदीच अडली होती. मागे साठलेला तलाव मे २०१५ मध्ये फुटला आणि खालचे पूल वाहून गेले.

खळाळाच्या तोंडाशी पाण्याची एक गुळगुळीत जीभ दिसते, टोक खालच्या दिशेला असलेल्या त्रिकोणासारखी. ती खोल पाण्याची वाट. त्रिकोणाचं टोक वरच्या दिशेला असेल, तर त्या टोकाशी खडक दडलेला आहे. खडकाच्या मागे पाणी उलटं फिरतं. त्याला गाईड एडी म्हणतात आणि राफ्ट तिथे घालून विसावा घेतात.

खरी गंमत जिभेच्या पुढे. एक मीटर खोल पाण्यावर लाट सेकंदाला साधारण ३.१ मीटर वेगाने पसरते. प्रवाह त्याहून वेगवान झाला की खालची कुठलीच लाट प्रवाहाविरुद्ध वर चढू शकत नाही. पुढे संथ, खोल पाणी गाठलं की हा वेग एकदम मोडतो, पाणी उसळून उभं राहतं आणि स्वतःवरच मागे कोसळतं. हीच हायड्रॉलिक जंप. नळाखाली ताट पालथं धरा: धारेभोवती पातळ, वेगवान पाण्याचं वर्तुळ आणि त्याच्या कडेला उभा राहिलेला जाडसर कठडा दिसेल. तीच ही गोष्ट. जून १९८३ मध्ये कोलोरॅडोत ९० हजार क्युसेकहून जास्त पाणी आलं, म्हणजे राधानगरीचे सातही दरवाजे मिळून जेवढं सोडतात त्याच्या नऊपट. तेव्हा क्रिस्टलमध्ये उभ्या राहिलेल्या लाटेने मोठमोठे मोटरराफ्ट उलटवले. ती लाट हायड्रॉलिक जंपच होती, हे भूवैज्ञानिक सुसान कीफर यांनी दाखवून दिलं.

हे पाणी पांढरं दिसतं ते हवेच्या बुडबुड्यांमुळे. असंख्य बुडबुड्यांवरून प्रकाश सगळीकडे विखुरतो. पण रंगापेक्षा महत्त्वाचं म्हणजे हवा मिसळलेलं पाणी हलकं होतं आणि माणसाला कमी उचलतं. लाईफ जॅकेट घातलेला पोहणाराही फेसात खाली जातो तो यामुळे.

आता आपल्या नदीकडे या. दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, सरकवून पाणी अडवणारा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा महाराष्ट्रभर पसरला, त्याचा आपल्याला योग्य अभिमान आहे. मात्र बरग्यांवरून किंवा बुडालेल्या बंधाऱ्यावरून पाणी सांडू लागलं की पायथ्याशी तीच उसळी तयार होते. खालची पातळी थोडी वाढली की उसळी पाण्याखाली झाकली जाते. वरून सगळं शांत वाटतं आणि आत पाणी गोल फिरत राहतं: पृष्ठभागावर बंधाऱ्याकडे, तळाशी बंधाऱ्यापासून दूर. नैसर्गिक खळाळातली लाट वेडीवाकडी असते, तिच्या कडेने माणूस बाहेर फेकला जाण्याची शक्यता असते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, त्यामुळे बाजूने सुटायला वाट मिळत नाही. म्हणूनच जगभरातले अनुभवी राफ्टर मोठ्या लाटेत हौसेने शिरतात आणि गुडघाभर उंचीच्या बंधाऱ्यापाशी मात्र राफ्ट उचलून काठाने चालत जातात.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायांवरचा दाब चौपट होतो. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना मोटरसायकल घालणाऱ्यांचा अंदाज इथेच चुकतो.

हा धोका काठावरून ओळखता येतो. बंधाऱ्याखाली बाटल्या, ओंडके, केंदाळ तासन् तास एकाच जागी गरगरत असेल, तर तिथे उलटा प्रवाह आहे. थोडं खाली एक रेषा दिसते, जिथे पाणी तळातून उकळल्यासारखं वर येतं. तिच्या अलीकडचं पाणी बंधाऱ्याकडे परत ओढतं, पलीकडचं पुढे वाहून जातं. कुणी आत अडकलं तर त्याच्यामागे उडी घेणारा दुसराही अडकतो. गाईड काठावर उभा राहून पिशवीत भरलेला तरंगता दोर फेकतो: टोक आपल्या हातात धरायचं, स्वतःच्या अंगाला बांधायचं नाही, पिशवी अडकलेल्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायची, म्हणजे दोर त्याच्या हाताशी पडतो.