जुनी स्की बोट घरच्या घरी दुरुस्त करणं

जुनी स्की बोट रिस्टोर करणं म्हणजे वॉटर स्कीइंगसाठी (बोटीमागे दोरी धरून, पायाला फळ्या बांधून पाण्यावरून घसरत जायचा खेळ) बनवलेली, तीस-चाळीस वर्षं वापरलेली मोटरबोट स्वस्तात विकत घ्यायची, आपल्याच गॅरेजमध्ये उघडायची, सडलेलं काढायचं, नवीन घालायचं आणि परत पाण्यात उतरवायची. हा उद्योग मुख्यतः अमेरिकेतला, तोही मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, टेनेसी, फ्लोरिडा अशा तळ्यांच्या राज्यांतला. उत्तरेकडे हिवाळ्यात तळी गोठतात, बोट पाच-सहा महिने ताडपत्रीखाली पडून असते आणि माणसालाही घरात करायला काही नसतं, त्यामुळे ही कामं सुरू होतात बहुतेक ऑक्टोबरात, आणि मेपर्यंत संपवू असं म्हणता म्हणता पुढच्या वर्षीच्या मेमध्ये संपतात.

आधी स्की बोट म्हणजे नेमकं काय ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे तारकर्लीला किंवा गोव्यात बनाना राइड ओढणारी जी बोट बघतो तिला मागे आउटबोर्ड इंजिन लटकवलेलं असतं आणि स्की बोटीत तसं अजिबात नसतं. खऱ्या स्पर्धेच्या स्की बोटीत इंजिन बरोबर मध्यभागी, एका पेटीखाली बसवलेलं असतं, तिथून शाफ्ट तिरका सरळ बुडातून बाहेर पडतो, त्याच्या टोकाला पंखा म्हणजे प्रॉप, आणि त्यामागे रडर म्हणजे सुकाणू. बुडाला खालून धातूचे फिन, म्हणजे माशाच्या परासारखी पाती, असतात, म्हणजे स्कीअरने बाजूला जोरात ओढ दिली तरी बोट सरळ रेषेत राहते. दोरी बांधायचा खांब, त्याला पायलॉन म्हणतात, तोही मागच्या टोकाला नसून इंजिनच्या जरा पुढे. हे सगळं कशासाठी, तर बोट सरळ राहावी आणि मागे लाट कमीत कमी उठावी म्हणून. स्लॅलम कोर्स, म्हणजे नागमोडी स्कीइंगचा स्पर्धेचा मार्ग, २५९ मीटरचा, त्यात वळसा घालायचे सहा तरंगते गोळे (बॉय), पुरुषांचा सर्वांत जास्त वेग ताशी ५८ किलोमीटर, आणि त्या वेगात स्कीअरला दर खेपेला बोटीची लाट कापून पलीकडे जायचं असतं, मग लाट म्हणजे स्पीडब्रेकरच की.

खेळ सुरू झाला १९२२ मध्ये, मिनेसोटातल्या लेक पेपिनवर. राल्फ सॅम्युअलसन नावाच्या पोराने लाकडी फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वाकवली, पायाला बांधली आणि बोटीमागे उभा राहिला. पुढची बरीच वर्षं मिळेल त्या बोटीवर भागलं. करेक्ट क्राफ्ट ही फ्लोरिडातली १९२५ ची कंपनी, तिने १९६१ मध्ये स्की नॉटिक ही स्की बोट काढली. मग १९६८ मध्ये टेनेसीतल्या मेरीव्हिल इथे रॉब शर्लीने घोड्यांच्या तबेल्यात मास्टरक्राफ्ट ही बोटींची कंपनी सुरू केली, आणि १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात मालिबू ही कंपनी आली. आज दुरुस्तीला जास्त करून सापडतात त्या १९८० च्या दशकातल्या बोटी, आणि त्यातही स्की नॉटिक २००१. नावात २००१ असलं तरी बोट १९८२ ते १९८९ मधली, तेव्हा ते नाव फार पुढचं वाटत असणार. सुमारे १९ फूट लांब, आत फोर्डचं ३५१ म्हणजे ५.८ लिटरचं व्ही-एट इंजिन. पुढचं बरंचसं वर्णन याच बोटीला धरून आहे, पण त्या काळातल्या बाकीच्या बोटींनाही थोड्याफार फरकाने लागू पडतं.

बूड

नवखा माणूस नेहमी उलटं करतो. बोट घरी आली की आधी पॉलिश मारतो, सीटला नवीन कापड लावतो, स्टिरिओ बसवतो, आणि मग एक दिवस पायाखाली फरशी मऊ लागते. स्की बोटीचं काम आतून बाहेर आणि खालून वर असंच करायचं असतं, कारण खरी गोम असते ती बुडातल्या लाकडात.

फायबरग्लासच्या बोटीत लाकूड कुठून आलं असं वाटेल. बुडाच्या आत पुढून मागे जाणारे लांब वासे असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात, बोटीचा कणाच तो, आणि इंजिन त्यांच्यावरच बसतं. त्या काळी हे स्ट्रिंगर लाकडाचे असायचे, वरून फायबरग्लासचं आवरण आणि मधल्या कप्प्यांत ओतलेला फोम. आवरण अखंड राहिलं असतं तर लाकूड शंभर वर्षं टिकलं असतं, पण कारखान्यातच त्यात इंजिनचे बोल्ट, सीटचे स्क्रू, पायलॉनचे स्क्रू अशी डझनावारी भोकं पाडली जायची आणि ती नीट सील कोणी करायचं नाही. त्या भोकांतून पाणी आत शिरतं, फोम स्पंजसारखा ते धरून ठेवतो, बाहेर पडायला वाट नसते, आणि लाकूड वर्षानुवर्षं आतल्या आत कुजत राहतं. बाहेरून बोट चकचकीत. बोटीचं वजनही वाढतं, कधीकधी शेकडो पाउंड, मग मालक म्हणतो इंजिनची ताकद गेली. नव्वदीच्या दशकात बऱ्याच कंपन्यांनी बुडातलं लाकूड काढून टाकलं ते याच अनुभवावरून.

विकत घेण्याआधी हे तपासायची सोपी पद्धत म्हणजे इंजिन माउंटचा (ज्यावर इंजिन टेकतं त्या आधाराचा) एक लॅग बोल्ट, म्हणजे लाकडात जाणारा जाड स्क्रू, फिरवून बघणं, अर्थात मालकाला विचारून. लाकूड चांगलं असेल तर बोल्ट कुरकुरतो, पान्यावर जोर लावावा लागतो आणि आट्यांमध्ये कोरडा पिवळसर भुसा अडकून येतो. सडलेलं असेल तर पहिल्या फेरीनंतर बोल्ट दोन बोटांनी फिरतो, निघाला की मागोमाग भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ओघळतं, आणि पावसाळ्यात भिजलेलं सरपण कोपऱ्यात राहून गेलं की जो वास येतो तो वास. मालक त्या वेळी बहुतेक दुसरीकडे बघत असतो. बोल्ट काढू देत नसतील तर छोट्या हातोडीने ठोकून बघायचं, टणक जागी टणटण वाजतं, कुजलेल्या जागी भद्द.

असं निघालं तर अर्धवट उपाय करून उपयोग नाही. भोकं पाडून आत पातळ इपॉक्सी (वाळून कडक होणारा चिकट द्रव) ओतायचा सल्ला खूप जण देतात पण ओल्या लाकडात इपॉक्सी मुरत नाही, पैसे मात्र मुरतात. इंजिन बाहेर काढायचं, फरशी कापायची, ओला फोम फावड्याने उपसायचा (पोत्यांवर पोती निघतात), आणि स्ट्रिंगर कापून काढायचे. पण कापायच्या आधी दोन गोष्टी. एक, बोटीला खालून सगळीकडे नीट टेकू द्यायचा, कारण कणा काढला की बूड नुसतं टरफल राहतं आणि ट्रेलरवर जिथे वाकेल तिथे वाकून बसतं, मग नवीन स्ट्रिंगर त्या वाकड्या आकारातच पक्का होतो आणि ते परत सरळ होत नाही. दोन, मापं. दोरी ताणून, लेव्हल लावून, इंजिन माउंटची उंची, दोन स्ट्रिंगरमधलं अंतर, सगळं वहीत लिहायचं आणि फोटो काढायचे, भरपूर काढायचे. शहाणे लोक एका वेळी एकच स्ट्रिंगर काढतात, तो बसवला की मग शेजारचा.

जुनं फायबरग्लास ग्राइंडरने घासायचं काम सगळ्यात वाईट. त्याची धूळ खाजकुयलीसारखी लागते, अंगभर सूट, मास्क, गॉगल घातला तरी मनगटाशी आणि गळ्याशी शिरतेच. गरम पाण्याने अंघोळ केली की अजून खाज सुटते म्हणतात म्हणून लोक आधी थंड पाणी घेतात. मास्कच्या बाबतीत मात्र कंजूषी नको, काचेची धूळ आणि रेझिनचा, म्हणजे काचेच्या कापडावर लावायच्या तसल्या चिकट द्रवाचा, वास दोन्ही छातीला वाईट.

नवीन स्ट्रिंगर बसवताना बुडाशी जिथे काटकोन होतो तिथे घट्ट केलेल्या रेझिनची गोलाई भरून घ्यायची, कारण काचेचं कापड काटकोनात बसत नाही, खाली हवा राहते. रेझिन दोन प्रकारचं, पॉलिएस्टर आणि इपॉक्सी. पॉलिएस्टर स्वस्त, त्यात एक-दोन टक्के हार्डनर पडतो, उन्हाळ्यात कमी, थंडीत थोडा जास्त, आणि चुकून जास्त पडला तर डब्यातच उकळून धूर निघतो. इपॉक्सी महाग पण जुन्या पृष्ठभागाला जास्त चिकट. एक लक्षात ठेवायचं, जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान बसतं, पण वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, म्हणजे एकदा इपॉक्सी लावलं की पुढचं सगळं इपॉक्सीतच. आणि नंतर जो कुठला स्क्रू लाकडात जाईल त्याचं भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि मग त्यात लहान भोक पाडायचं. हे कंटाळवाणं आहे, पण कारखान्याने हेच केलं नव्हतं म्हणून तर हा उद्योग मागे लागला.

फोम परत भरायचा की नाही यावर वाद आहे. न भरणाऱ्यांचं म्हणणं की हवा खेळती राहिली तर लाकूड सुकं राहील. पण फोम तरंगण्यासाठी असतो, अमेरिकेत २० फुटांखालच्या अशा बोटी बनवताना पाणी भरलं तरी बोट बुडू नये अशी सोय करावी लागते. पोरंबाळं बसणार असतील तर भरावा हेच बरं. दोन द्रव मिसळले की तो पंचवीस-तीस पट फुगतो, म्हणून थोडा थोडा ओतायचा, बंद कप्प्यात एकदम ओतला तर फरशीच उचलतो.

इंजिन आणि शाफ्ट

इंजिन त्या मानाने सोपं, कारण मुळात ते गाडीचंच आहे. पण इथेच एक घातक मोह होतो, गाडीच्या दुकानातला स्टार्टर किंवा अल्टरनेटर अर्ध्या किमतीत मिळतो आणि बसतोही. तो लावायचा नाही. बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साचते, गाडीसारखी ती खालून निघून जात नाही, आणि साध्या स्टार्टरची ठिणगी बाहेर पडू शकते. मरीन पार्ट आतून बंद असतात. कार्ब्युरेटरसुद्धा मरीनच, वर एअर फिल्टरच्या जागी फ्लेम अरेस्टर म्हणजे ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी, आणि चालू करण्याआधी ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) चार मिनिटं चालवायचा असं बोटीवरच लिहिलेलं असतं. शिवाय काही बोटींत इंजिन उलट्या दिशेने फिरणारं असतं, तेव्हा पार्ट मागवण्याआधी ते बघून घ्यावं.

थंडावा तळ्याच्याच पाण्याचा. पाणी खेचणाऱ्या पंपात रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं छोटं चाक, असतो, तो दर वर्षी बदलायचा, कोरडा चालला तर एका मिनिटात जळतो. जुना काढल्यावर त्याची पाती मोजायची, एक जरी कमी असली तरी ती पुढे कुठेतरी नळीत किंवा कूलरमध्ये अडकलेली असते आणि शोधल्याशिवाय सुटका नाही. आणि हिवाळ्याआधी ब्लॉकमधलं पाणी काढायचं राहिलं तर बर्फ होऊन ब्लॉक तडकतो. म्हणून जुनी बोट घेताना डिपस्टिक बघायची, तेल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं असलं, तर बोट घेऊ नये, फारच स्वस्त देत असले तरी.

सगळ्यात नाजूक काम शाफ्ट सरळ लावण्याचं. गिअरबॉक्सच्या आणि शाफ्टच्या कपलिंगच्या दोन चकत्या समोरासमोर आणायच्या आणि चारही बाजूंनी फिलर गेज घालून फट मोजायची, फरक तीन थाउपेक्षा जास्त नको. पिंपरी-भोसरीच्या वर्कशॉपमध्ये ज्याने दिवस काढलेत त्याला थाउ म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी इंचाचा हजारावा भाग. एक माउंट अर्धा आटा वर केला की दुसरीकडे फट वाढते, ती नीट केली की पहिली बिघडते, असं तासन्‌तास चालतं. हे शेवटचं मोजमाप बोट एक दिवस पाण्यात ठेवून मगच करायचं, कारण ट्रेलरवरचा बुडाचा आकार आणि पाण्यातला आकार एक नसतो. शाफ्ट बाहेर पडतो तिथलं पॅकिंग चालू बोटीत मिनिटाला काही थेंब गळायलाच हवं, नवखा माणूस ते गच्च आवळतो आणि शाफ्ट तापवतो.

बाकीचं

जेलकोट, म्हणजे वरचा रंगीत थर, उन्हाने पांढरा पडतो. ६०० नंबरपासून २००० नंबरपर्यंत ओल्या पॉलिश पेपरने घासत जायचं, मग कंपाउंड, मग वॅक्स. थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, कोपऱ्यांवर जोर लावू नये. सीटच्या आतलं प्लायवूड बदलावंच लागतं, स्टेपल स्टेनलेसचे.

कागदपत्रं आधीच बघावीत. मागच्या बाजूला उजवीकडे अक्षरं आणि आकडे मिळून बारा खुणांचा हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) कोरलेला असतो, १९८४ नंतरच्या बोटींत त्याचे शेवटचे दोन अंक म्हणजे मॉडेलचं साल. तो आणि टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, नंबर जुळला पाहिजे, नाहीतर दुसऱ्याची चोरीची बोट सजवून बसायची वेळ.

पैशाचा हिशोब कोणी प्रामाणिकपणे सांगत नाही. अमेरिकन लोक बोट या शब्दाची फोड 'बस्ट आउट अनदर थाउजंड' अशी करतात, म्हणजे काढा अजून हजार. दुरुस्तीचा खर्च बोटीच्या विकत घेतलेल्या किमतीच्या वर जातोच, विकून तो परत येत नाही.

पाण्यात उतरवताना पहिल्या दिवशी सगळे एक गोष्ट विसरतात. बोटीच्या मागे तळाला ड्रेन प्लग असतो, वर्षभर काम चालू असताना तो काढून ठेवलेला असतो. बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर, गर्दी, शेजारी कॅमेरा घेऊन उभे, बोट ट्रेलरवरून सुटते आणि पाचेक मिनिटांत बिल्ज पंप, म्हणजे तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप, न थांबता चालायला लागतो. म्हणून जुने लोक तो प्लग सुतळीने इग्निशनच्या किल्लीलाच बांधून ठेवतात.