घुमट ऐकू आलं, कासाळं नाही

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दहा-बारा दिवसांवर आली की गोव्यातल्या आमच्या फोंड्याकडच्या गावात कोंबड्याच्या आधी ग्रास कटर आरवतो. पणजी-वास्कोला राहणारी भावंडं मूळ घरी येणार, आणि जूनपासून झोडपणाऱ्या पावसाने परसातलं गवत कमरेला लागलेलं. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला लागणाऱ्या रानवेलीही त्याच सपाट्यात साफ होतात, मग तेच सामान आपण बाजारातून विकत आणतो. ते असो.

दोन वर्षांपूर्वी गवत कापायला कोणी मिळेना, म्हणून मीच मशीन खांद्याला अडकवलं. दोन तास कापलं, कान उघडेच. संध्याकाळी शेजारी आरतीचा सराव होता. घुमटाचा, म्हणजे मडक्याच्या तोंडावर चामडं ताणलेल्या आमच्या वाद्याचा, ठेका नेहमीसारखा छातीत वाजत होता, पण कासाळं, म्हणजे काशाच्या त्या जाड झांजा, कुणी गोधडीत गुंडाळून वाजवाव्यात तशा. कानात बारीक 'कुंई' चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं ठीक झालं, आणि तिथेच मी फसलो. ठीक झालं म्हणजे काही झालं नव्हतं, असं धरून चाललो.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते, कॉक्लिया. तिच्यात, म्हणजे दर कानात, साधारण साडेपंधरा हजार रोमपेशी असतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी, खर्जातले टिपणाऱ्या आत टोकाशी. मोठा आवाज फार वेळ पडला तर या पेशी आधी थकतात, आणि पुन्हा पुन्हा तेच झालं तर मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मरायला सुरुवात होते ती बहुधा ४००० हर्ट्झच्या (सेकंदाला ४००० कंपनांच्या) आसपासच्या पेशींपासून. बाहेरची कानाची नळीच ३००० हर्ट्झच्या सुमाराचा आवाज वाढवून आत पाठवते आणि त्याचा मार जरा वरच्या पट्टीवर बसतो. म्हणून कासाळं आधी जातं, घुमट मागे राहतं. बोलण्यातले स, त, ठ हेही याच वरच्या भागातले, त्यामुळे अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण 'सात' की 'साठ' ते कळत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं गवत कापायला येणारा गडी अजून पन्नाशीचाही नाही, पण कुठल्याही वाक्यावर आधी 'कितें?' (काय?) म्हणतो. लोक हसतात.

पेट्रोलवरच्या ग्रास कटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी साधारण ९५ ते १०५ डेसिबल असतो. डेसिबलचा हिशोब सरळ चालत नाही, दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेची शिफारस अशी, की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १, ९७ ला अर्धा, १०० ला १५ मिनिटं. माझं मशीन १०० चं धरलं तर त्या दोन तासांत मी आठ दिवसांचा शिधा एका बैठकीत संपवला.

मग पुढच्या वर्षी घरातल्या मुलाने आपले नॉइज कॅन्सलिंग ईअरबड्स पुढे केले. "घाला, काका, गाणीही ऐका." घातले. आवाज एकदम पडला आणि वाटलं, झालं काम. पण कोणता आवाज पडला होता, हा प्रश्न मला आरतीच्या सवयीमुळे सुचला. इंजिनाची घरघर गेली होती. मशीनची गवत कापणारी दोरी फिरताना होणारी सळसळती शीळ मात्र तशीच येत होती. घुमट गेलं, कासाळं राहिलं.

यामागचं तंत्र तसं जुनं. आवाज म्हणजे हवेच्या दाबाचा चढउतार. त्याच्या नेमका उलटा चढउतार त्याच क्षणी सोडला, की दोन्ही एकमेकांना खातात. पाउल ल्यूग या जर्मन माणसाला या कल्पनेचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळालं. ती कानावर चढायला मात्र काही दशकं गेली. बंगाली क्रांतिकारक बापाचा अमेरिकेत जन्मलेला मुलगा अमर बोस १९७८ मध्ये विमानाने झुरिकहून परतत होता. हेडफोनमधलं संगीत विमानाच्या घरघरीत बुडालं, तेव्हा प्रवासातच त्याने गणितं मांडायला घेतली. विमानाची घरघर खर्जातली आणि एकसुरी असते हे लक्षात ठेवा, कारण मेख तिथेच आहे.

बाहेरचा मायक्रोफोन आवाज टिपणार, चिप उलटी लहर बनवणार, स्पीकर ती सोडणार. यात क्षणाचा काही अंश चुकतोच. समजा ही चूक ४२ मायक्रोसेकंदांची (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांची) आहे. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक स्फोट होतो, म्हणजे मिनिटाला ७५०० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा मूळ सूर १२५ हर्ट्झचा. त्याची एक लहर पुरी व्हायला ८००० मायक्रोसेकंद लागतात, तिथे ४२ ची चूक नगण्य, आणि आवाज जवळपास ३० डेसिबलने उतरू शकतो. ४००० हर्ट्झची लहर मात्र २५० मायक्रोसेकंदांत उरकते. तिथे तेवढीच चूक म्हणजे लहरीचा सहावा हिस्सा, आणि गणित केलं तर फायदा उरतो शून्य. चूक त्याहून वाढली तर आवाज कमी होण्याऐवजी वाढेल. म्हणून हे ईअरबड्स साधारण १००० हर्ट्झच्या वर हात आखडता घेतात. खोक्यावरचा '४५ डेसिबलपर्यंत' हा आकडा बहुतेक वेळा खर्जातल्या एखाद्या पट्टीतला सगळ्यात चांगला असतो. त्यातून मोकळ्या परसात वारा मायक्रोफोनवर फुंकर घालतो ती वेगळीच कटकट.

थोडक्यात, जास्त त्रास देणारा पण कानाला कमी मारणारा आवाज हे यंत्र गिळतं. खर्जाला आपला कान तसाही मंद असतो, १२५ हर्ट्झच्या आवाजातून मोजणी करताना १६ डेसिबल वजा धरतात ते म्हणूनच. वरचा आवाज अडवते ती कानात घट्ट बसलेली रबरी टोपी, चिप नव्हे. टोपी सैल असेल, घामाने सरकली असेल, तर कितीही महाग ईअरबड असो, कान उघडाच.

म्हणून निवडताना मी आता चिप सोडून आधी बूच बघतो. अमेरिकी माल असेल तर खोक्यावर 'एनआरआर' आणि युरोपचा असेल तर 'एसएनआर' असा, किती डेसिबल आवाज अडतो ते सांगणारा आकडा हवा. आपल्याकडे कानरक्षकांसाठी आयएस ९१६७ हे मानक आहे. यातलं काहीच नसेल तर ते गाणी ऐकायचं साधन आहे, कान वाचवायचं नव्हे. तो आकडाही प्रयोगशाळेतला, कारण तिथे बूच बसवणारे लोक शिकवलेले असतात. अमेरिकेतला रूढ हिशोब कडक आहे: आकड्यातून ७ वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं करा. एनआरआर २९ चा फोमचा प्लग घेतला तर हातात राहतात ११. १०० चे ८९ झाले, दोन तासांना चालून जातं. तासन्‌तास काम असेल तर वरून ईअरमफ, म्हणजे अख्खा कान झाकणाऱ्या वाट्या, चढवावा, पण दोघांची बेरीज होत नाही. भर पडते ती पाचेक डेसिबलची. आणि आमचा गडी घालतो तो कापसाचा बोळा जवळजवळ मनाच्या समाधानापुरता.

गाणी हवीच असतील तर आवाजाला ८५ च्या आत लगाम असलेले आणि एनआरआर छापलेले ईअरफोन मिळतात, ते घ्यावेत. इथल्या दमट हवेत घाम धरून आयपी५५ च्या खाली जाऊ नये. यातला पहिला आकडा धुळीपासूनच्या बचावाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. मी स्वतः गाणी सोडली. दोरीखालून दगड उडाल्याचा खणका आणि मागून आलेल्याची हाक गाण्याखाली बुडते. तसंही चालत्या मशीनपासून इतरांना १५ मीटर लांब ठेवायचं असतं, पण ते मांजराला आणि पोरांना कोण सांगणार?

एक हिशोब मात्र मला सगळ्यात धक्कादायक वाटला. ३० डेसिबल खरोखर अडवणारं साधन दोन तासांच्या कामात फक्त सहा मिनिटं काढलं, म्हणजे कोणी विचारलं 'चहा घेणार?' म्हणून, आणि मशीन चालूच राहिलं, तर त्या उघड्या सहा मिनिटांत एवढी ऊर्जा आत जाते की सरासरीने संरक्षण उरतं १३ डेसिबलचं. काढायचंच तर आधी मशीन बंद.

यंदा चवथीआधी फोमच्या प्लगांचं पाकीट आणलं आणि गड्यालाही दिलं. त्याने तो नुसता कानावर टेकवला. मग दाखवलं: स्वच्छ बोटांनी वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा म्हणजे आतली वाकडी नळी सरळ होते, प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचा. पहिल्या खेपेला जमलं नाही. दुसऱ्या खेपेला तो बोलता बोलता थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाब, माझाच आवाज घुमटात घातल्यासारखा लागतो."

"मग बरोबर बसलाय," मी म्हटलं. नळीचं तोंड बंद झालं की हाडांतून येणारा आपलाच खर्ज आत कोंडतो, त्याची ही खूण.

"कितें?"

मी अंगठा वर केला. त्याने मान हलवली आणि मशीन चालू करायची दोरी ओढली.