जमनालाल बजाज : पूर्वायुष्य

(४ नोव्हेंबर १८८९ – ११ फेब्रुवारी १९४२). जन्म राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात, कनीराम व बिरदीबाई या गरीब मारवाडी दांपत्याच्या पोटी. चौथ्या-पाचव्या वर्षी वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज यांच्या घरी ते दत्तक गेले. काही त्रोटक चरित्रांत ‘दत्तक पुत्र’ असा उल्लेख आढळतो; तथापि बच्छराजांचा मुलगा रामधन आधीच वारला होता व जमनालाल त्याच्या जागी आले, म्हणून त्यांना बच्छराजांचा दत्तक नातू मानणेच सयुक्तिक ठरते. वारसा सरळ आजोबांकडून नातवाकडे येणार असल्याने पुढील प्रसंगाच्या दृष्टीने हे नाते महत्त्वाचे आहे. दत्तकाच्या मोबदल्यात कनीरामांनी पैसे घेतले नाहीत. बच्छराजांनी गावात विहीर बांधून दिली, असे सांगतात.

शालेय शिक्षण वर्ध्यात सुमारे चार वर्षे झाले. व्यवहारज्ञान पेढीवर मिळाले. १९०२ च्या सुमारास जानकीदेवींशी विवाह. हातखर्चाच्या पैशांतून साठवलेले शंभर रुपये त्यांनी नागपूरहून निघणाऱ्या ‘हिंदी केसरी’ला दिले.

सतराव्या वर्षाच्या सुमारास एका लग्नाला जाताना दागिने घालण्यास त्यांनी नकार दिला. बच्छराज संतापले व संपत्तीवरून बोलले. जमनालालांनी घर सोडले आणि आजोबांना पत्र लिहिले. त्यात तक्रारीचा सूर नाही. इस्टेटीवर आपला कोणताही हक्क नाही, कोर्टकचेरी करणार नाही, अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नेलेले नाही, असे आदराने पण निःसंदिग्धपणे नमूद केले आहे. त्यांची समजूत घालून त्यांना परत आणण्यात आले. १९०७ मध्ये बच्छराज निवर्तले व सगळा कारभार त्यांच्यावर पडला. मात्र एकदा लेखी सोडलेली मालमत्ता आपली नव्हे, आपण तिचे विश्वस्त, ही भूमिका त्यांनी कायम ठेवली. विश्वस्तवृत्तीचा उगम केवळ गांधीजींच्या सहवासात शोधणे त्यामुळे अपुरे वाटते. हे पत्र त्या सहवासाच्या कितीतरी आधीचे आहे.

१९०८ मध्ये ऑनररी मॅजिस्ट्रेट. पहिल्या महायुद्धाच्या काळात ‘रायबहादूर’ किताब. गांधीजी १९१५ मध्ये भारतात परतल्यावर परिचय वाढला. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. गांधीजींनी आपल्याला पाचवा पुत्र मानावे, ही विनंती त्यांनी तेव्हाच केली. पुढे काँग्रेसचे खजिनदारपद त्यांच्याकडे आले. १९२१ मध्ये त्यांनी किताब परत केला, वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी एक लाख रुपये दिले आणि त्याच वर्षी त्यांच्या आग्रहावरून विनोबा वर्ध्यास आले.