पिठाचा कोंबडा आणि ‘व्हेज मटण’

नागपुरात सावजी खानावळीतला पाटवडी रस्सा मटणाच्याच वळणाने जातो. तोच काळा मसाला, तीच तर्री. बेसनाची चौकोनी वडी त्यात पडली की शाकाहारी माणूसही घाम पुसत जेवतो. हिला सहसा कुणी मांसाची नक्कल म्हणत नाही. वडी वडीसारखीच दिसते.

पंचाईत सोयाबीनने केली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत विदर्भात हे पीक पसरलं. तेल काढून उरलेल्या पिठाच्या वड्या त्याच सुमारास किराणा दुकानांत रुळल्या. गरम पाण्यात भिजवून पिळली की वडी दाताखाली धाग्याधाग्याने सुटते. प्रथिनं निम्म्याच्या आसपास आणि भाव परवडणारा, म्हणून ती घरोघर शिरली. मग तिला ‘व्हेज मटण’ हे नाव चिकटलं आणि तिथून कुरकुर सुरू झाली: मांस खायचं नाही, तर त्याची नक्कल तरी कशाला?

ही कुरकुर सोयाबीनहून फार जुनी आहे. मांसाची ओढ लागलीच तर तुपाचा किंवा पिठाचा पशू करावा, उगाच जीव मारू नये, असं मनुस्मृती सांगते. नवमीला बळीऐवजी कोहळा कापणाऱ्यांनाही त्यात वावगं वाटत नाही. जैन यशोधरकथेचा निकाल मात्र उलटा आहे. राजाला जीव मारायचा नाही, म्हणून आई पिठाचा कोंबडा करवते. राजा देवीपुढे त्यावर तलवार चालवतो, मांस समजून तो खातोही. पुढच्या जन्मी राजा मोर होतो, आई कुत्रा, आणि फेरे सुरूच राहतात. या कथेचं दहाव्या शतकातलं अपभ्रंश काव्य १९३१ मध्ये आपल्याच विदर्भातल्या कारंज्याहून छापलं गेलं. कथेचं म्हणणं असं: दोष पिठाचा नाही, मारण्याच्या संकल्पाचा. म्हणूनच कित्येक गुजराती जैन घरांत भाजी ‘कापत’ नाहीत, ‘सुधारतात’.

हा दाखला सोयावडीवर सर्रास फेकला जातो, आणि तो मला ओढूनताणून आणलेला वाटतो. राजाने कोंबडा समजून वार केला. वडी पिळणारी बाई मनात बकरा धरून पिळत नाही. ‘व्हेज मटण’ असं मोठ्याने मागवणाऱ्याबद्दल मात्र मी तितक्या खात्रीने बोलणार नाही.

गेल्या काही वर्षांत गोठवलेले ‘व्हेज चिकन’चे तुकडे आले, २०२२ मध्ये वीगन खाद्यपदार्थांचे वेगळे नियमही आले. नावाच्या बाबतीत सरकारी कडकपणा दिसला तो दुधापुरता: सोयाबीनच्या पेयाला ‘दूध’ म्हणायचं नाही, नारळाच्या दुधाला चालतं. कोंबडीच्या नावासाठी एवढा आटापिटा कुणी केला नाही.