बायबल वाचून मुसलमान झालेला पाद्री: तुर्मेदा की केल्दानी?

‘एका ख्रिस्ती पाद्र्याला बायबलमध्येच मुहम्मद पैगंबरांची खूण सापडली आणि तो मुसलमान झाला’ ही गोष्ट कुणी सांगितली, की आधी विचारावं: कोणता पाद्री? या वाक्यात दोन माणसं चपखल बसतात, आणि दोघांमध्ये पाचशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे. तरी एकाची हकीकत दुसऱ्याच्या नावावर बिनदिक्कत खपते.

पहिला आन्सेल्म तुर्मेदा. स्पेनजवळच्या मायोर्का बेटावरचा, फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघातला, चौदाव्या शतकातला. उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसला जाऊन मुसलमान झाल्यावर अब्दुल्ला अल-तर्जुमान. दुसरा डेव्हिड बेंजामिन केल्दानी, 1867 साली इराणातल्या उर्मियात जन्मलेला कॅल्दियन कॅथलिक, म्हणजे पोपला मानणाऱ्या एका पूर्वेकडच्या चर्चचा, पाद्री. तो 1904 मध्ये इस्तंबूलला मुसलमान झाला आणि अब्दुल अहद दाऊद हे नाव घेतलं. दोघांचाही भर योहानाच्या शुभवर्तमानातल्या एकाच जागेवर आहे: येशू शिष्यांना वचन देतो तो ‘कैवारी’. चर्चच्या मते हा पवित्र आत्मा, या दोघांच्या मते मुहम्मद पैगंबर. घोळ होतो तो इथेच.

तुर्मेदाचं पुस्तक अरबीत, 1420 चं, ‘तुहफत अल-अरीब’. त्यातलं ख्रिस्ती मताचं खंडन जुन्या वळणाचं आहे. लोकांच्या लक्षात राहते ती सुरुवातीची आत्मकथा. इटलीतल्या बोलोन्यात तो एका वयोवृद्ध पाद्र्याकडे दहा वर्षं राहिला. घराच्या सगळ्या किल्ल्या शिष्याकडे, फक्त एका लहान खोलीची गुरूने स्वतःजवळ ठेवलेली. एके दिवशी गुरू आजारी असताना वर्गात वाद पेटला की हा कैवारी कोण. शिष्याने घरी येऊन विचारलं तेव्हा म्हातारा रडला आणि म्हणाला, ते मुसलमानांच्या पैगंबरांचं नाव आहे. मग तुम्ही त्यांच्यात का गेला नाहीत? उत्तर फार माणसासारखं आहे: आता नव्वदीचा झालो, तिथली भाषा येत नाही, कुणी ओळखणार नाही, उपाशी मरेन.

ट्युनिसचा प्रसंग तर नाटकासारखाच. सुलतान अबुल अब्बासने तिथल्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांना बोलावून या पाद्र्याबद्दल मत विचारलं. त्यांनी विद्वत्तेची भरभरून स्तुती केली. मग आडोशाला बसलेला तुर्मेदा पुढे आला आणि त्याने कलमा पढला. व्यापारी म्हणाले, लग्नाच्या हौसेपायी केलं, आमच्यात पाद्र्याला लग्न करता येत नाही ना! हा टोमणा त्याने स्वतःच नोंदवून ठेवलाय, म्हणून मला हा लेखक आवडतो.

पण गंमत पुढे आहे. मुसलमान झाल्यावर, 1398 मध्ये, याच माणसाने कॅटलान भाषेत ख्रिस्ती मुलखासाठी उपदेशपर पद्यं लिहिली. ती तिकडे शाळेतली पोरं पुढे कित्येक पिढ्या शिकत राहिली. 1412 मध्ये तेराव्या बेनेडिक्टने, ज्याला रोम खरा पोप मानत नाही, तुर्मेदाला परतीसाठी माफी देऊ केली. 1423 मध्ये स्पेनमधल्या अरागोनच्या राजाने बायकामुलांसह येण्याचा परवाना दिला. तो परतला नाही. त्याची कबर ट्युनिसमध्येच आहे. अशा दोन्हीकडे पाय असलेल्या माणसाची आत्मकथा जशीच्या तशी खरी मानायची का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

केल्दानीकडे असं नाट्य शोधायला जाऊ नये. तरुणपणी उर्मियातल्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, मिशनमध्ये शिक्षक, मग रोममध्ये शिक्षण, 1895 मध्ये पाद्रीपदाची दीक्षा, 1900 मध्ये राजीनामा. 1903 मध्ये इंग्लंडला जाऊन तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन पंथात गेला. त्या पंथाने त्याला मायदेशी, आपल्या लोकांत शिक्षणकार्याला धाडलं. वाटेत इस्तंबूलला शेखुल-इस्लामशी, म्हणजे उस्मानी साम्राज्याच्या सर्वोच्च धर्माधिकाऱ्याशी, बोलणी झाली आणि तिथेच धर्म बदलला. कारण विचारलं तर म्हणे, अल्लाहने वाट दाखवली, आणखी काही नाही.

त्याचं सगळं बळ शब्दांच्या व्युत्पत्तीत. इंग्लंडातल्या वोकिंगहून निघणाऱ्या ‘इस्लामिक रिव्ह्यू’त, म्हणजे लाहोरच्या ख्वाजा कमालुद्दीन यांनी 1913 मध्ये सुरू केलेल्या मासिकात, त्याने इंग्रजीत लेखमाला लिहिली, ‘मुहम्मद इन द बायबल’ हे पुस्तक त्यातूनच आलं. बायबलच्या जुन्या करारातल्या हाग्गय संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या हिब्रू ‘हेमदा’ शब्दाचं नातं तो ‘मुहम्मद’शी जोडतो. ‘कैवारी’साठीचा ग्रीक शब्दही मुळात वेगळा, ‘स्तुत्य’ या अर्थाचा, होता असा त्याचा दावा. इथे मात्र तो अडतो: योहानाच्या उपलब्ध एकाही ग्रीक हस्तलिखितात तो दुसरा शब्द नाही. तुर्मेदाला ही अडचणच नाही. त्याचा पुरावा म्हणजे गुरूचे अश्रू, ते कुणी तपासायचे?

त्यामुळे गोष्टीत रडणारा म्हातारा आणि बंद खोली आली, तर तो तुर्मेदा. हिब्रू, अरामी शब्दमूळांची फोड आली, तर केल्दानी. आणि पोपच्या ग्रंथालयातून गुपचूप पुस्तक उचललं असं कुणी सांगू लागलं, तर तो या दोघांपैकी कुणीच नव्हे. तो ‘बर्नबाचं शुभवर्तमान’ या, चर्चला मान्य नसलेल्या, पुस्तकाच्या स्पॅनिश प्रस्तावनेतला फ्रा मारिनो. पोप पाचवा सिक्स्टस डुलकी घेत असताना त्याने ते बाहीत लपवून नेलं, असं तिथे लिहिलंय.