बेटावरचा कचरा: भट्टी की गठ्ठे?

‘जाळला की नव्वद टक्के कचरा नाहीसा होतो.’ बेटांवरच्या कचऱ्याचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं आणि पाठोपाठ सिंगापूरचा दाखला. नव्वद टक्के घटतं ते घनफळ. वजन फार तर पाऊण हिस्सा घटतं. सिंगापूरची राख बार्जमधून सेमाकाऊ बेटाला जाते. तिथे समुद्रात ७ किलोमीटरचा बांध घालून, आतून पाणी झिरपू नये म्हणून अस्तर लावून भरावाची जागा केली आहे. १९९९ साली सुरू झालेली ही जागा २०३५च्या सुमारास भरेल, असा तिथल्याच सरकारचा अंदाज आहे.

पुनर्वापर सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे एवढंच सांगतो: प्लॅस्टिक-धातूंचा तो बेटावर होत नाही. बेटावर वेगळं करणं, धुणं, दाबून गठ्ठे बांधणं होतं. पुढचं सगळं मुख्य भूमीवर. वीज मिळते म्हणून जाळण्यालाही ‘रिसायकलिंग’ म्हणणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नये.

खरा घोळ राखेचा आहे. सगळे भांडतात धुरावरून. वास्तविक धूर हा सुटलेला प्रश्न आहे: ८५० अंशांवर किमान दोन सेकंद वायू धरून ठेवा, मग झटकन थंड करा, चुना आणि सक्रिय कोळशाची (विषारी वायू शोषणारी) भुकटी फवारा, कापडी गाळण्यांतून सोडा. पण त्या गाळण्यांनी अडवलेलं शिसं, कॅडमियम आणि जळताना बनणारं डायॉक्सिन हे विष जातं कुठे? फ्लाय अ‍ॅशमध्ये. म्हणजे धुरातून गाळणीत साठलेल्या बारीक राखेत. गाळणी जितकी चोख, तितकी ही राख विषारी. टनभर कचऱ्यामागे भट्टीच्या तळाची राख दोन-अडीचशे किलो. तिच्यातून चुंबकाने लोखंड काढता येतं, उरलेली रस्त्याच्या भरावात खपवता येते. फ्लाय अ‍ॅश असते २०-३० किलोच, पण ती धोकादायक कचरा म्हणून वेगळीच ठेवावी लागते. दोन्ही एकाच खड्ड्यात टाकल्या की सगळा खड्डाच धोकादायक.

आता लक्षद्वीपमधलं मिनिकॉय बेट घ्या. प्रवाळाची वाळू, खाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर, आणि त्याच थरात उतरलेल्या घरोघरच्या विहिरी. पावसात राखेतून सुटलेले क्षार आणि जड धातू तिथे पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणजे फ्लाय अ‍ॅशही जहाजानेच न्यायची, तीही बंद पिंपांत. मग बाटल्यांच्या गठ्ठ्यांनी काय घोडं मारलं होतं?

शिवाय भट्टीला पोट मोठं लागतं. दहा हजार वस्ती, माणशी अर्धा किलो धरला तर दिवसाला पाच टन, त्यातला निम्मा ओला. ओल्या कचऱ्याची बरीचशी उष्णता त्यातलंच पाणी उकळण्यात जाते. कचऱ्यातून किलोमागे ६-७ मेगाज्यूल उष्णता मिळत नसेल तर डिझेल ओतत बसावं लागतं. छोटी भट्टी रोज पेटवायची-विझवायची म्हटलं की तापमान खाली-वर होतं आणि नेमकं तेव्हाच डायॉक्सिन जास्त बनतं.

गठ्ठ्यांचेही नखरे आहेतच. सुट्या पेट (PET) प्लॅस्टिकच्या बाटल्या घनमीटरात जेमतेम २०-२५ किलो बसतात, दाबल्यावर २००च्या वर. बूच काढलं नाही तर आत हवा अडकते आणि गठ्ठा फुगून पट्टी तुटते. पावसाळ्यात छोटी मालवाहू गलबतं बंद, त्यामुळे चार महिने पुरेल एवढी छपराची जागा हवी. खाऱ्या हवेत लोखंडी तार गंजते, प्लॅस्टिकची पट्टी वापरा. काच पाठवण्यात अर्थ नाही: वजन भारी, भाव कवडीचा. तिथेच दळून पेव्हर ब्लॉकमध्ये घाला. खरकटं, नारळाच्या झावळ्या, शहाळ्यांची टरफलं कातरून खत. उरतात डायपर, पॅड आणि चिप्सच्या पाकिटांसारखं थरांचं प्लॅस्टिक. पाकिटं गठ्ठ्यात बांधून सिमेंटच्या भट्टीकडे रवाना करावीत. पॅड, डायपर आणि दवाखान्याच्या कचऱ्यासाठी दोन कप्प्यांची छोटी भट्टी मान्य. मात्र तिची निविदा काढतानाच राख कुठल्या जहाजाने, कुठे आणि कोणाच्या खर्चाने जाणार हे लिहून घ्यावं.