अ‍ॅनोरेक्सिया की ऑर्थोरेक्सिया? नुसतं ताट बघून कळत नाही

होस्टेलच्या मेसमध्ये पोहे आहेत. आहारशास्त्राच्या दोन विद्यार्थिनी नको म्हणतात. एक म्हणते, "भूक नाही." दुसरी म्हणते, "रिफाइंड तेल आहे त्यात." दोघी वर्षभरात चांगल्याच वाळल्या आहेत आणि मैत्रिणींच्या लेखी दोघींचं 'डाएट' चालू आहे. पण पहिलीला धास्ती आहे वजन वाढण्याची, दुसरीला पोटात काहीतरी अशुद्ध जाण्याची.

पहिलीचा प्रकार अ‍ॅनोरेक्सियाकडे झुकतो. म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याच्या आजाराकडे. यात भूक मेलेली असतेच असं नाही. बऱ्याचदा ती कडकडून लागते आणि नेटाने दाबली जाते. हाडं दिसायला लागली तरी आरशात जाडीच दिसते. "पाळी वेळेवर येतेय ना, मग काही नाही" असं आजही ऐकू येतं, पण निदानासाठी पाळी बंद झालेली असण्याची अट डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीने 2013 मध्येच काढून टाकली. वजन झपाट्याने उतरूनही चार्टवर 'नॉर्मल' दिसणारी मुलगी तितकीच गंभीर आजारी असू शकते. आपल्याकडे आणखी एक आडोसा आहे, उपासाचा. आज चतुर्थी म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. अशा वेळी साबुदाण्याची खिचडीही नको होते का, याकडे लक्ष द्यावं.

दुसरीचा प्रकार ऑर्थोरेक्सियाकडे झुकतो, म्हणजे 'शुद्ध' खाण्याच्या अतिरेकी ध्यासाकडे. हे नाव अमेरिकी डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी 1997 मध्ये दिलं. डीएसएम-५ मध्ये त्याला स्वतंत्र आजाराची जागा नाही. इथे किती खाल्लं यापेक्षा काय खाल्लं याचा ध्यास असतो. आधी साखर सुटते, मग मैदा, मग तेल, मग बाहेरचं सगळंच. मग चुलतबहिणीच्या लग्नातही स्वतःचा डबा येतो, पुढे लग्नाला जाणंच टळतं. नियम मोडला तर अपराधी वाटतं आणि उद्याचा नियम आणखी कडक होतो.

फरक जाणवतो तो घरच्या साजूक तुपापाशी. शुद्धतेची खात्री पटली तर दुसरी ते भातावर निवांत घेईल. पहिली मात्र तूप कितीही शुद्ध असलं तरी वाटी लांब सारेल. अर्थात ही माझी ढोबळ खूण आहे, निदान नव्हे. आणि दोन्ही प्रकार एकाच मुलीत, एकामागून एक किंवा एकत्रही दिसू शकतात. मुलांमध्येही दिसतात, फक्त तिथे कोणी शोधत नाही.

आरोग्यशाखेच्या विद्यार्थ्यांबाबत मला खरी काळजी वाटते ती इथे. ज्ञान त्यांना वाचवेल असं आपण गृहीत धरतो, पण हेच ज्ञान लपायलाही उपयोगी पडतं. प्रत्येक नियमाला त्यांच्याकडे शास्त्रीय कारण तयार असतं आणि अशा शिस्तीचं वर्गात कौतुक होतं. उलट बाजूने, त्यांच्यावर हे शिक्के उगाच बसण्याचा धोकाही आहे. ऑर्टो-१५ ही 2005 मध्ये इटलीत तयार झालेली 15 प्रश्नांची चाचणी साध्या सजग खाणाऱ्यांनाही ऑर्थोरेक्सियात ढकलते, अशी टीका तिच्यावर झाली आहे. पदार्थ निवडताना पोषणमूल्य बघणं हा तर या मुलांचा अभ्यासच आहे! म्हणून अशा चाचणीतल्या गुणांपेक्षा मी वेगळं विचारेन: एक दिवस नियम मोडला तर काय होतं? झोप उडते का? मैत्रिणींबरोबर जेवणं बंद झालंय का?

कारण वेगळं असलं तरी उपासमारीचे परिणाम शरीर सारखेच भोगतं. चक्कर येणं, सतत थंडी वाजणं, केस गळणं, नाडी मंद होणं, यातलं काही दिसलं तर आधी तपासणी हवी. अशा मुलीला घरी नेऊन एकदम भरपेट खाऊ घालण्याचा मोह आवरावा. दीर्घ उपासमारीनंतर अचानक जास्त अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं, म्हणून आहार किती आणि कसा वाढवायचा हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. मानसोपचारतज्ज्ञांची भेट लगेच मिळत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलता येतं. काळजीत पडलेली मैत्रीणही तिथे फोन करू शकते.